मुदत दोन वर्षांची, खरी मात्र पंधरा दिवसांची

अशी कल्पना करा की टेक्सास राज्याच्या एका तुरुंगात, भटारखान्यात काम करणाऱ्या कैद्याच्या हातावर उकळते तेल सांडले आहे. दवाखान्यात मलमपट्टी करून त्याला लगेच बराकीत परत पाठवले जाते. चौथ्या दिवशी जखमेत पू होतो. डॉक्टरांना दाखवण्यासाठी तो दोनदा चिठ्ठी देतो आणि दोन्ही वेळा उत्तर येते की तुमचे नाव यादीत आहे. महिन्याभराने जखम भरते तेव्हा हाताची दोन बोटे कायमची आखडलेली असतात. या माणसाला आता फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, न्यायालयात दाद मागायची आहे. त्याच्याकडे वकील नाही, पैसे नाहीत, इंटरनेट नाही. तुरुंगाच्या ग्रंथालयात बसून तो कायद्याचे पुस्तक उघडतो आणि टेक्सासमध्ये अशा दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे हे वाचून निश्चिंत होतो. त्याची चूक तिथेच होते.

हा कैदी काल्पनिक आहे, त्याच्यापुढचे नियम मात्र खरे आहेत. न्यायालयाची मुदत दोन वर्षांची असली, तरी तुरुंगाच्या स्वतःच्या तक्रार पद्धतीत पहिला अर्ज देण्याची मुदत टेक्सासमध्ये घटनेपासून १५ दिवसांची आहे, आणि तो अर्ज वेळेत गेला नसेल तर न्यायालयातला दावा कितीही खरा असला तरी बहुधा उभाच राहत नाही. अमेरिकेतील कैद्यांच्या नागरी हक्कांच्या दाव्यांविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही: यातले कितीतरी दावे साक्षीपुराव्यावर हरत नाहीत, ते तुरुंगातल्या तक्रारपेटीपाशीच हरलेले असतात.

आधी कायदा कोणता ते पाहू. अमेरिकन गृहयुद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांवर कू क्लक्स क्लॅनचा दहशतवाद सुरू होता आणि राज्यांचे अधिकारी त्याकडे काणाडोळा करत होते. त्यावर उपाय म्हणून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १८७१ मध्ये एक कायदा केला, आणि त्यातली एक तरतूद आज 'कलम १९८३' या क्रमांकाने ओळखली जाते. राज्याच्या सत्तेचा वापर करून कोणी तुमचा संविधानिक हक्क हिरावून घेतला, तर त्या व्यक्तीवर दिवाणी दावा लावता येतो, असा तिचा थोडक्यात अर्थ आहे. कलमाच्या शब्दांत फक्त 'नागरिक' नाही, 'अधिकारक्षेत्रातील इतर व्यक्ती' हेही शब्द आहेत. त्यामुळे व्हिसावर राहणाऱ्या माणसालाही ते लागू पडते. कैद्यांना या कलमाचा आधार घेता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये, इलिनॉयमधील थॉमस कूपर या कैद्याच्या खटल्यात मान्य केले. आपल्याला धार्मिक पुस्तके मिळू दिली जात नाहीत, अशी त्याची तक्रार होती.

हे कलम राज्याच्या आणि काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) अधिकाऱ्यांपुरते आहे. फेडरल तुरुंगातल्या कैद्याची वाट याहून फार अरुंद आहे, आणि २०२५ च्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गोल्डी विरुद्ध फील्ड्स या प्रकरणात फेडरल तुरुंगरक्षकांनी केलेल्या मारहाणीबद्दलही त्यांच्यावर थेट संविधानाच्या आधारे भरपाईचा दावा लावता येणार नाही असे सांगून ती जवळपास बंदच केली. म्हणून इथून पुढे राज्याच्या तुरुंगाविषयीच बोलू.

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कैद्यांच्या अशा दाव्यांची वार्षिक संख्या चाळीस हजारांच्या आसपास पोहोचली होती. हे दावे म्हणजे रिकामटेकड्यांचा खेळ आहे अशी हाकाटी सुरू झाली आणि तिच्यात एक उदाहरण हमखास दिले जाई: म्हणे एका कैद्याने दाणेदार पीनट बटरऐवजी मऊ पीनट बटर मिळाले म्हणून सरकारला कोर्टात खेचले. पुढे फेडरल अपील न्यायालयाचे न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी मूळ कागद पाहून खरा प्रकार लिहिला. कैद्याने कँटीनमधून स्वतःच्या पैशाने बरणी मागवली होती, चुकीची आली म्हणून ती बदलून घेण्यासाठी परत केली, तेवढ्यात त्याची दुसऱ्या तुरुंगात बदली झाली, आणि बरणी तर मिळाली नाहीच, वर खात्यातून अडीच डॉलर वळते झाले. रक्कम क्षुल्लक असेल, पण दावा हास्यास्पद नव्हता. तरी व्हायचे ते झालेच. २६ एप्रिल १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या सहीने 'प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्ट' अमलात आला. वकील मंडळी त्याला नुसते 'पीएलआरए' म्हणतात. चार-पाच वर्षांत दाव्यांची संख्या पंचवीस हजारांच्या घरात आली. पुढे येणारे बहुतेक अडसर याच कायद्याचे आहेत.

तक्रारीची पायरी

पीएलआरए म्हणतो की तुरुंगाच्या स्थितीबद्दल न्यायालयात येण्यापूर्वी कैद्याने तुरुंगात उपलब्ध असलेले सर्व अंतर्गत उपाय पूर्णपणे वापरलेले असले पाहिजेत. वाचायला हे साधे आणि रास्तही वाटते, कारण चूक घरातच दुरुस्त झाली तर न्यायालयाला त्रास कशाला. अडचण 'पूर्णपणे' या शब्दात आहे.

टेक्सासची पद्धत दोन टप्प्यांची आहे. आधी संबंधित कर्मचाऱ्याशी बोलून प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न करावा लागतो. मग 'आय-१२७' या क्रमांकाच्या छापील फॉर्मवर पहिल्या टप्प्याची तक्रार, तीही १५ दिवसांत. एका फॉर्मवर एकच विषय, आणि सात दिवसांत एकच फॉर्म. आपल्या कैद्याने त्याच कागदावर तेल सांडल्याची, डॉक्टर न मिळाल्याची आणि रक्षकाने टिंगल केल्याची अशा तीन तक्रारी लिहिल्या, तर फॉर्म तपासणीविनाच परत येऊ शकतो. उत्तर समाधानकारक नसेल, तर 'आय-१२८' या फॉर्मवर पुन्हा १५ दिवसांत दुसऱ्या टप्प्याचे अपील करायचे. त्याचेही उत्तर आले की मगच न्यायालयाचा विचार. इतर राज्यांचे फॉर्म वेगळे, टप्पे वेगळे, दिवस वेगळे. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या कैद्याचा अनुभव ऐकून चालणे धोक्याचे असते. ज्या तुरुंगात आहात त्याचीच नियमपुस्तिका लागू.

मुदत चुकली तर काय होते, याचे उत्तर २००६ मध्ये वुडफोर्ड विरुद्ध न्गो या प्रकरणात मिळाले. कॅलिफोर्नियातल्या तुरुंगात तेव्हा तक्रारीसाठी १५ कामकाजाचे दिवस होते. न्गो याने सुमारे सहा महिन्यांनी तक्रार दिली, आणि ती मुदतबाह्य म्हणून नाकारली गेली. आता तुरुंगात कोणताच उपाय उरलेला नाही, म्हणजे सगळे उपाय संपलेच, असा त्याचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. उपाय नुसते संपून चालत नाहीत, ते नियमांनुसार, मुदतीत आणि योग्य पद्धतीने वापरलेले असावे लागतात. माझ्या मते या एका निकालाने तुरुंग प्रशासनाच्या हाती विलक्षण गोष्ट दिली: ज्याच्यावर दावा लावायचा, तोच पक्ष दाव्यापूर्वीची मुदत ठरवतो.

पैशाची भरपाई हवी असेल आणि तुरुंगाची तक्रार पद्धत पैसे देतच नसेल, तरीही ती वापरावीच लागते. मारहाणीच्या एकाच घटनेची तक्रार असली तरी सुटका नाही. मात्र तीन गोष्टी कैद्याच्या बाजूने आहेत आणि त्या नीट समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली अशी की, जोन्स विरुद्ध बॉक या २००७ च्या निकालानुसार, आपण तक्रारीचे सर्व टप्पे पार केले हे वादपत्रात, म्हणजे दाव्याच्या मूळ अर्जात, सिद्ध करण्याची जबाबदारी कैद्यावर नाही. ते केले नाही, हा बचाव प्रतिवादीने मांडायचा आणि सिद्ध करायचा असतो. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, 'उपलब्ध' या शब्दातून निघते. २०१६ च्या रॉस विरुद्ध ब्लेक या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उपाय कागदावर असून भागत नाही. अधिकारी कोणत्याच तक्रारीची दाद घेत नसतील, किंवा पद्धत इतकी गुंतागुंतीची असेल की सामान्य कैद्याला तिच्यातून वाट काढता येणार नाही, किंवा कर्मचाऱ्यांनी धमकावून, फसवून वा दिशाभूल करून तक्रार अडवली असेल, तर तो उपाय उपलब्ध नव्हता असे धरले जाते. मिशिगनमधील रिचर्ड्स या कैद्याचा आरोप असा होता की पर्टू या कर्मचाऱ्याने त्याचा लैंगिक छळ केला आणि त्याविषयीचे तक्रारीचे फॉर्म फाडून टाकले. फॉर्म खरोखर फाडले का, हे न्यायाधीशाने ठरवायचे की ज्यूरीने? १८ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की तक्रारीचा प्रश्न मूळ आरोपातच गुंतलेला असेल, तर तो ज्यूरीपुढेच गेला पाहिजे.

तिसरी गोष्ट साधी आहे, पण ती अनेकांना ठाऊक नसते. हा नियम दावा दाखल करताना जो तुरुंगात आहे त्याच्यासाठी आहे. सुटका झाल्यावर, पण मुदतीच्या आत, दावा लावणाऱ्याला तो लागू होत नाही. शिक्षेचे दोनच महिने उरले असतील, तर थांबणे शहाणपणाचे ठरू शकते. तसेच, केवळ इमिग्रेशनच्या कारणावरून स्थानबद्ध असलेली व्यक्ती या कायद्याच्या व्याख्येत 'कैदी' ठरत नाही, कारण व्याख्या फौजदारी गुन्ह्याच्या आरोपाशी किंवा शिक्षेशी बांधलेली आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कोणाच्या नातलगावर तशी वेळ आलीच, तर हा फरक ध्यानात असलेला बरा.

वकील का मिळत नाही

इथे भारतीय वाचकाच्या मनात प्रश्न येईल की सरकार वकील का देत नाही. फौजदारी खटल्यात आरोपीला तो द्यावाच लागतो, पण हा दिवाणी दावा आहे आणि दिवाणी दाव्यात तसा हक्क नाही. न्यायाधीश एखाद्या वकिलाला विनंती करू शकतात, सक्ती करू शकत नाहीत. हेही सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले आहे. खासगी वकील अशा कामापासून दूर राहतात याचे कारणही पीएलआरएमध्येच आहे. जिंकल्यावर प्रतिवादीकडून मिळणाऱ्या वकील फीवर भरपाईच्या दीडपट इतकी मर्यादा आहे. एका प्रकरणात ज्यूरीने हक्कभंग मान्य करून नाममात्र एक डॉलर भरपाई दिली, तेव्हा वकिलाची फी दीड डॉलर ठरली, आणि बोस्टनच्या अपील न्यायालयाने ती कायम केली.

आपल्याकडे चित्र निदान कायद्यात तरी वेगळे आहे. हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपील करू इच्छिणाऱ्या कैद्याला मोफत कायदेशीर मदत मिळणे हा न्याय्य प्रक्रियेचा भाग मानला, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता अशा मदतीस पात्र ठरवले. हॉसकोट निकालाच्याच सुमारास दिल्लीच्या तिहार तुरुंगातून सुनील बत्रा या कैद्याने न्यायाधीशांना लिहिलेले साधे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले होते. प्रत्यक्षात ही मदत किती जणांपर्यंत पोहोचते हा निराळा विषय आहे. अमेरिकन कैद्याला मात्र पत्र लिहून भागत नाही. त्याला वादपत्रच लिहावे लागते.

वादपत्र

आपल्या न्यायालयांत ज्याला 'पार्टी इन पर्सन' म्हणतात, त्याला तिकडे 'प्रो से' पक्षकार म्हणतात. कैद्यासाठी छापील नमुना असतो. फेडरल न्यायालयांच्या सामायिक नमुन्यांत तो 'प्रो से १४' या नावाने आहे, आणि अनेक जिल्हा न्यायालयांचा स्वतःचा वेगळा फॉर्म असतो. जिथे घटना घडली त्या भागाच्या जिल्हा न्यायालयात तो द्यायचा. हस्ताक्षरात चालतो. न्यायालये कैद्याने स्वतः लिहिलेला मजकूर उदारपणे वाचतात. वकिलाच्या मसुद्याची काटेकोर फूटपट्टी त्याला लावायची नाही, हे १९७२ च्या हेन्स विरुद्ध कर्नर या निकालाने ठरले आहे. पण उदारपणे वाचायला मुळात काही लिहिलेले असावे लागते.

आपला कैदी बहुधा असे लिहील: 'तुरुंगाने मला उपचार दिले नाहीत, त्यामुळे माझा हात निकामी झाला.' या वाक्यात दोन दोष आहेत. तुरुंग किंवा राज्याचा तुरुंग विभाग ही या कलमाच्या अर्थाने 'व्यक्ती' नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध भरपाई मागता येत नाही. दावा माणसांवर लावायचा असतो, आणि वरिष्ठ अधिकारी केवळ वरिष्ठ आहे म्हणून जबाबदार ठरत नाही. दुसरे म्हणजे उपचारात हयगय झाली एवढे पुरेसे नाही. क्रूर शिक्षेला मनाई करणाऱ्या आठव्या घटनादुरुस्तीनुसार अधिकाऱ्याला गंभीर गरजेची जाणीव होती आणि तरीही त्याने जाणूनबुजून दुर्लक्ष केले, असे दिसावे लागते.

ही कसोटी आली तीही टेक्सासमधूनच, १९७६ च्या एस्टेल विरुद्ध गॅम्बल या प्रकरणात. गॅम्बल हा कैदी ट्रकमधून माल उतरवत असताना कापसाची गाठ त्याच्या अंगावर पडली. त्याने हाताने लिहिलेल्या वादपत्रातून कैद्याच्या उपचारांचा संविधानिक हक्क प्रस्थापित झाला, पण तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याविरुद्ध तो स्वतः हरला, कारण तीन महिन्यांत त्याला १७ वेळा तपासल्याचे त्याच्याच कागदांत दिसत होते. निदान चुकणे आणि दुर्लक्ष करणे यांत न्यायालय फरक करते.

म्हणून तेच वाक्य असे लिहिलेले बरे: 'अमुक तारखेला मी परिचारिका क यांना हातातला पू दाखवला. त्या म्हणाल्या, यादीत नाव आहे. अमुक तारखेला मी पुन्हा चिठ्ठी दिली. तिची प्रत जोडली आहे. त्यानंतर १९ दिवस मला कोणीही तपासले नाही. माझी दोन बोटे आता वाकत नाहीत.' कोणी, केव्हा, काय केले किंवा केले नाही, आणि त्याचा परिणाम काय झाला. कलमे आणि जुने निकाल उद्धृत करण्याची गरज नसते. फॉर्मवर तसे बहुधा लिहिलेलेच असते, तरीही लोक पाने भरून निकाल उतरवतात आणि तारखा विसरतात.

परिचारिकेचे नाव माहीत नसेल, तर 'जेन डो' किंवा 'जॉन डो' असे तात्पुरते नाव घालता येते. पण नाव उघड होईपर्यंत मुदत संपली, तर नंतर खरे नाव घालणे बऱ्याच अपील न्यायालयांच्या हद्दीत मान्य होत नाही. मुदत राज्यागणिक बदलते: टेनेसीत एक वर्ष, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात दोन, न्यूयॉर्कमध्ये तीन.

मागणी लिहितानाही एक खाच आहे. शारीरिक इजा किंवा लैंगिक कृत्य दाखवल्याशिवाय केवळ मानसिक त्रासाची भरपाई मागता येत नाही. आपल्या कैद्याच्या बोटांचा प्रश्न असल्यामुळे तो इथे अडणार नाही. महिनोन्‌महिने एकांतकोठडीत काढलेला माणूस मात्र अडतो. त्याला मनाई हुकूम मागता येतो, आणि बऱ्याच ठिकाणी नाममात्र भरपाईही. शिस्तभंगाच्या कारवाईत गेलेले शिक्षामाफीचे दिवस परत मागायचे असतील किंवा मूळ शिक्षाच चुकीची आहे असे म्हणायचे असेल, तर हे कलम वापरताच येत नाही. त्यासाठी हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे कैदेलाच आव्हान देण्याचा, वेगळा मार्ग आहे. आणि शेवटी सही. टंकलिखित नाव म्हणजे सही नव्हे. सही राहून गेली तर लक्षात आणून दिल्यावर करता येते, पण तोवर कागद अडकून पडतो.

पैशाचा हिशेब

फेडरल दाव्याची एकूण फी सध्या ४०५ डॉलर आहे. गरीब व्यक्ती म्हणून अर्ज मंजूर झाला की त्यातले ५५ डॉलर सुटतात. तुरुंगाबाहेरच्या गरिबाला उरलेली रक्कमही माफ होते, पण कैद्याला नाही: त्याला ३५० डॉलर हप्त्याने का होईना भरावेच लागतात. अर्जासोबत तुरुंगातल्या खात्याचा मागील सहा महिन्यांचा प्रमाणित उतारा जोडायचा. तो तुरुंग कार्यालयाकडून वेळेत मिळवणे हेच एक काम असते.

पहिला हप्ता असा ठरतो: सहा महिन्यांत दरमहा सरासरी जमा किती आणि सरासरी शिल्लक किती, यांतली मोठी रक्कम घ्यायची आणि तिचे २० टक्के. टेक्सासमध्ये कैद्यांना कामाची मजुरी सहसा मिळत नाही, त्यामुळे खात्यात येते ते घरून. समजा आई दरमहा ६० डॉलर पाठवते आणि सरासरी शिल्लक २२ असते. मग पहिला हप्ता १२ डॉलरचा. त्यानंतर खात्यात १० डॉलरपेक्षा जास्त रक्कम असली की आधीच्या महिन्याच्या जमेच्या २० टक्के, म्हणजे पुन्हा १२ डॉलर, तुरुंग कार्यालय थेट न्यायालयाला पाठवते. उरलेले ३३८ डॉलर फिटायला २९ महिने लागतील, म्हणजे प्रत्यक्षात ही फी त्याची आई भरत असते. दावा पहिल्याच महिन्यात फेटाळला गेला तरी हप्ते थांबत नाहीत. दोन दावे असतील तर २० अधिक २० टक्के, पाच असतील तर सगळेच गेले. हप्ते एकामागून एक नव्हे तर एकाच वेळी कापायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एकमताने सांगितले. एक दिलासा आहे: खात्यात खरोखर काहीच नसेल, तर तेवढ्या कारणावरून दावा नाकारता येत नाही.

वाईट दाव्याची किंमत मात्र केवळ पैशांत मोजून भागत नाही. दावा बिनबुडाचा, खोडसाळ किंवा कायद्याने टिकण्याजोगे काही न सांगणारा म्हणून फेटाळला गेला, तर त्याची नोंद 'स्ट्राइक' म्हणून होते. शब्द बेसबॉलमधला आहे आणि नियमही तसाच: तीन झाले की बाद. त्यानंतर प्रत्येक नव्या दाव्याची संपूर्ण फी आधीच भरावी लागते, अपवाद फक्त गंभीर शारीरिक इजेचा धोका अगदी समोर उभा असल्याचा. या नोंदी कालांतराने पुसल्या जात नाहीत. पुन्हा दाखल करण्याची मुभा ठेवून फेटाळलेला दावाही स्ट्राइक धरला जातो, हे २०२० मध्ये ठरले. म्हणजे वीस वर्षांपूर्वी, कायदा कळत नसताना घाईने लिहिलेले तीन कागद पुढच्या सर्व दाव्यांच्या आड येऊ शकतात. मला ही तरतूद सगळ्या कायद्यात सर्वांत कठोर वाटते, कारण वकिलाच्या चुकीची शिक्षा वकिलाला होत नाही, पण वकील नसल्याची शिक्षा कैद्याला आयुष्यभर होते.

दाखल झाल्यावर

प्रतिवादीला समन्स जाण्याआधीच न्यायालय वादपत्र स्वतः चाळून पाहते. हा टप्पा बाहेरच्या फी भरणाऱ्या पक्षकाराला नसतो. निम्मा भाग टिकतो, निम्मा जातो, असे पुष्कळदा होते. सुधारित वादपत्र देण्याची संधीही बहुधा मिळते. ती मिळाली तर एक ध्यानात ठेवायचे की सुधारित वादपत्र सामान्यतः जुन्याची जागा घेते, त्याला पुरवणी म्हणून जोडले जात नाही. आधी लिहिलेच आहे म्हणून जे गाळले, ते गेले.

समन्स बजावण्यासाठी एरवी ९० दिवस असतात. गरीब म्हणून परवानगी मिळालेल्या कैद्यासाठी हे काम यूएस मार्शल (न्यायालयाचे आदेश बजावणारे फेडरल अधिकारी) करतात, पण त्यांना प्रतिवादीचे नाव आणि नोकरीचे ठिकाण कैद्यानेच पुरवायचे असते. त्यानंतर प्रतिवादीच्या वकिलाचा पहिला हल्ला ठरलेला: तक्रारीचे टप्पे पूर्ण नाहीत, म्हणून सुनावणीविनाच निकाल द्यावा. या अर्जाला वादपत्रातले आरोप पुन्हा सांगून उत्तर होत नाही, पुरावा लागतो. फॉर्मच्या प्रती, परत आलेली उत्तरे, आणि 'खोटे सांगितल्यास शिक्षेस पात्र राहीन' अशा शब्दांत, तारीख व सहीनिशी केलेले निवेदन. फेडरल कायद्यात असे निवेदन नोटरीविना चालते, ही कैद्यासाठी मोठी सोय आहे. प्रत काढायला यंत्र मिळत नसेल, तर फॉर्म हाताने उतरवून ठेवलेला बरा.

सर्वांत निरर्थक पराभव पत्त्यामुळे होतो. कैद्यांच्या बदल्या वरचेवर होतात, न्यायालयाचे पत्र जुन्या तुरुंगातून परत येते, आणि दावा न चालवल्याच्या कारणावरून निकाली निघतो. नव्या पत्त्याची सूचना स्वतंत्र कागदावर, दावा क्रमांक घालून, प्रत्येक चालू दाव्यात वेगळी द्यावी लागते. एका दाव्यात दिली म्हणून दुसऱ्यात कळत नाही.

मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांचा (जिल्हा न्यायाधीशांना मदत करणाऱ्या न्यायाधीशांचा) अहवाल विरोधात गेला तर हरकतीसाठी १४ दिवस, अंतिम निकालाविरुद्ध अपिलाच्या सूचनेसाठी ३० दिवस. इथे टपालाचा प्रश्न येतो, कारण कैदी स्वतः पोस्टात जाऊ शकत नाही. टेनेसीतल्या ह्यूस्टन या कैद्याने निकालानंतर सत्ताविसाव्या दिवशी आपली अपिलाची सूचना तुरुंग अधिकाऱ्यांच्या हाती दिली होती. न्यायालयाचा शिक्का पडला तो एकतिसाव्या दिवशी. एक दिवस उशीर म्हणून अपील गेले. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत आणले आणि सांगितले की कैद्याचा कागद तुरुंग अधिकाऱ्याच्या हाती पडला तो दिवसच दाखल झाल्याचा दिवस. अपील न्यायालयांनी पुढे हाच नियम वादपत्रालाही लावला. म्हणून जाणते कैदी प्रत्येक कागदाच्या शेवटी दोन ओळी लिहितात: हा लिफाफा मी अमुक तारखेला, तिकीट लावून, तुरुंगाच्या टपालव्यवस्थेत दिला. खाली सही.